राखेत सापडलेली मूर्ती

छत्रपती संभाजीनगरच्या शेजारी, जालना जिल्ह्यात केळणा नदीकाठी भोकरदन हे गाव आहे. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. १९७३ मध्ये तेथील उत्खननात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची, सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई नगरात राखेखाली सापडली होती. अलंकारांनी मढलेल्या त्या मूर्तीला तेव्हा लक्ष्मी म्हटले गेले. आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. ती भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असेही काहींचे मत आहे.

ती इतक्या दूर कशी गेली असेल? ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरात जात असे, असे वर्णन आहे. तेथून मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने गलबते तांबड्या समुद्राकडे निघत आणि माल इजिप्तमार्गे रोमला पोहोचे. या मालात हस्तिदंतही असे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्याचा समावेश आहे, कारण त्यामागे हत्तीची हिंसा असते. म्हणून कारागिराचे कौतुक करताना त्या मुक्या जीवाचेही स्मरण ठेवावे.

पॉम्पेई हे व्हेसुव्हियस पर्वताच्या पायथ्याचे संपन्न व्यापारी नगर होते. वेरूळची जैन लेणी ज्या काळ्या खडकात कोरली आहेत, तो कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. पॉम्पेईवर मात्र लाव्हा वाहत आला नाही. इ. स. ७९ मध्ये एके दिवशी दुपारी पर्वतातून राखेचा प्रचंड स्तंभ उसळला. कित्येक तास सच्छिद्र, हलके दगड कोसळत राहिले आणि त्यांच्या भाराने छपरे ढासळली. वेळीच निघालेले अनेक जण वाचले. जे मागे राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावरून धावत आलेल्या तप्त वायूने आणि राखेने गाठले. पुढे सतराशे वर्षांच्या सुमारास, १७४८ मध्ये, तेथे उत्खनन सुरू झाले. भट्टीतील कोळसा झालेले पावही जसेच्या तसे मिळाले. काही सांगाड्यांजवळ नाणी आणि दागिने होते. जपलेले धन जागीच राहिले, जपणारा गेला.

याच कथेत प्लिनी नावाचा एक रोमन विद्वान येतो. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून घेतो, अशी तक्रार त्याने आपल्या ग्रंथात नोंदवली होती. तोच प्लिनी तेव्हा जवळच्या मिसेनम बंदरात आरमाराचा प्रमुख होता. पर्वताचे कुतूहल म्हणून तो निघण्याच्या तयारीत होता, तोच एका परिचित स्त्रीची मदतीची याचना आली. त्याने मोठी जहाजे सोडवली, लोकांना वाचवण्यासाठी तो राखेच्या वर्षावात शिरला आणि किनाऱ्यावरच त्याचा अंत झाला. हे वर्णन त्याच्या भाच्याच्या पत्रातून आज उपलब्ध आहे.

नाण्यांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाने संकटाच्या घडीला जीव मोलाचा मानला. अनित्य भावना हेच शिकवते. संपत्ती आज आहे, उद्या नाही. हाती आहे तोवर ती आणि आपले बळ कोणाला तरी अभय देण्यासाठी वापरावे.