काचेवरची बाराखडी

इंदूरच्या पलासिया भागात एकीकडे ‘छप्पन दुकान’ ही खवय्यांची पेठ आहे, तर दुसरीकडे आग्रा-मुंबई रस्त्यालगतच्या इमारतींत सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आहेत. पेठेतील गिऱ्हाईक पोहे-जिलेबीचे पैसे हातातील काचेवर बोट टेकवून चुकते करते, आणि अशा काचांसाठी आज्ञावल्या लिहिणारे तरुण त्याच पेठेत भूक भागवायला येतात. होळकरांच्या या नगरीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. परंतु आज तिची आठवण व्हावी याचे कारण निराळे. स्पर्शपटलाचा प्रसार होईल काय, हा प्रश्न आता शिळा झाला आहे. तो कोणाच्या सोयीचा होईल, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आणि त्याचे उत्तर काच घडविणाऱ्याच्या नव्हे, तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हाती आहे.

इंदूरला लागून असलेल्या धार जिल्ह्यात २००० सालच्या जानेवारीत ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. खेडोपाडी ‘सूचनालये’ उघडली गेली. बाजारभाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, तक्रारीची नोंद अशी कामे गावातच होऊ लागली. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही लाभला. तथापि संगणकासमोर बसत असे तो ‘सूचक’. शेतकरी त्याच्या पाठीशी उभा. पूर्वी कचेरीच्या पायरीवर अर्जनवीस असे, त्याच्या जागी सूचक आला इतकेच. कळफलक ज्याच्या हाती, त्याच्या हाती कारभार, ही स्थिती काही बदलली नाही. स्पर्शपटलाचे खरे आश्वासन होते ते हा मध्यस्थ दूर करण्याचे.

ते पुरे करण्याचे दोन प्रयत्न आपल्याच देशात झाले आणि दोन्ही फसले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीतील अभियंत्यांनी मिळून ‘सिंप्युटर’ हा हातात मावणारा संगणक तयार केला. सुमारे नऊ हजार रुपयांत तो सामान्यांना मिळावा, भारतीय भाषांत बोलून दाखवावा, ही कल्पना उदात्त होती. पण तो बाजारात येईपर्यंत २००४ साल उजाडले, तोवर भ्रमणध्वनी स्वस्त झाला होता. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅब्लेटचे दिल्लीत मोठ्या समारंभाने अनावरण झाले. सरकारला पडलेली किंमत होती अवघी २,२७६ रुपये! परंतु त्याच्या पडद्यावर बोट दाबून धरावे लागे आणि बॅटरी लवकर संपे. स्वस्ताई हाच ज्याचा एकमेव गुण, ती वस्तू शेवटी महागच पडते.

तेव्हा दोष गरिबीचा, असे कोणी म्हणेल. तसे म्हणावे, तर श्रीमंतांचा अनुभवही वेगळा नाही. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ८’ बाजारात आणले आणि मेजावरच्या संगणकावरही स्पर्शाची रीत लादली. ओळखीचे ‘स्टार्ट’चे बटण काढून टाकले. लोक कुरकुरले, वर्षभरात ते बटण परत आणावे लागले, आणि ‘स्टार्ट’ची जुनी यादी २०१५ साली परतली. उभ्या पडद्यावर तासन्तास हात उचलून काम करता येत नाही, हे कोणत्याही कारकुनाने सांगितले असते. त्याला विचारले कोणी?

विचारून केलेल्या कामाचे उदाहरण मुंबईत सापडते. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक संकल्पन केंद्राने २०१३ साली ‘स्वरचक्र’ हा कळफलक सिद्ध केला. ‘क’ वर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उघडते. हव्या अक्षराकडे बोट सरकवावे, की झाले. हलन्त निवडला की पुढची अक्षरे जोडाक्षरांच्या रूपात दिसू लागतात. प्राथमिक शाळेत शिकलेली बाराखडीच येथे यंत्राचे व्याकरण झाली आहे. टंकलेखन यंत्राच्या ठरीव कळांपुढे देवनागरीला शतकभर अंग चोरून बसावे लागले. काचेवर मात्र लिपीला हवी तशी कळ रेखता येते. किंमत कमी करून जे साधले नाही, ते माणसाच्या सवयीचा मान राखून साधले.

याच काचेची दुसरी बाजू मात्र कठोर आहे. गुळगुळीत काचेवर आंधळ्याच्या बोटाला खूण लागत नाही. पावसात, मासळी बाजारात, ओल्या हाताचा स्पर्श तिला धड कळत नाही. मतदान यंत्राला अद्याप दाबता येणारी कळ आहे आणि तिच्याशेजारी ब्रेल अंक आहेत, यात शहाणपण आहे. १९९९ साली गोव्याने विधानसभेची संपूर्ण निवडणूक या यंत्रांवर घेतली, ती मतदाराला कळ समजली म्हणूनच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. त्यापूर्वी, ओळख पटविण्यासाठी पडद्यासमोर पापणी मिटवून दाखवा, ही अट आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्यांनाही लागू होती. लिहिणाऱ्याला सारे जग आपल्यासारखेच वाटले, की अशी क्रूरता नकळत घडते.

गोव्याने यातून काय घ्यावे? मनोहर पर्रीकरांच्या काळात ‘सायबरएज’ योजनेने विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचविले. यंत्र पोहोचविणे हे सरकारला जमते, हे तेव्हाच सिद्ध झाले. आता कसोटी सॉफ्टवेअरची आहे. १९८७ च्या कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद केली. सरकारी पडद्यावर या दोन्ही भाषा अनुवादाचे ठिगळ म्हणून नव्हे, तर मूळ रचना म्हणून दिसल्या पाहिजेत. कोणतीही आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी ती सत्तरीतील आजीच्या, बाजारातील मासेविक्रेतीच्या आणि दृष्टिहीन तरुणाच्या हाती द्यावी; तिघांना जमली तरच ठेकेदाराचे देयक मंजूर करावे. आणि तोवर कचेरीतील माणसाची खिडकी बंद करू नये. बोट काचेवर टेकले आणि काम झाले नाही, तर तो नागरिकाचा अडाणीपणा नव्हे. तो राज्यकारभाराचा दोष आहे.