पहिलं प्रदर्शन भिंतीवर लागण्याआधी: चित्रकारांनो, फायली सांभाळा!

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. पुण्यातल्या एका गॅलरीत तीन नव्या चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन लागणार आहे आणि त्यात तिची सात चित्रं आहेत. आवाजात आनंद मावत नव्हता, पण प्रश्न भलताच होता. "दादा, गॅलरीवाले हाय-रिझोल्यूशन फोटो मागतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तर नाही म्हणतात. का रे?"

मी कोड लिहून पोट भरतो, चित्रातलं मला फार कळत नाही. पण फायलींचं कळतं. म्हणून एका रविवारी तिच्याकडे जाऊन बसलो. कॅटलॉगमध्ये तिच्या दोन जुन्या चित्रांनाही जागा होती. ती कधीच विकली गेली होती आणि तिच्याकडे उरले होते फक्त फॉरवर्ड होऊन आलेले फोटो. लांब बाजू 1600 पिक्सेल. छपाईला साधारण इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे हा फोटो जेमतेम सव्वापाच इंच छापता येणार. दहा इंचाच्या पानाला 3000 पिक्सेल हवेत. दोन्ही चित्रं कॅटलॉगमधून गेली. तिचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं की याबद्दल लिहायलाच हवं.

हे आत्ताच का महत्त्वाचं?

कारण प्रश्न आता फक्त कॅटलॉगचा राहिलेला नाही. मेटाने इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरच्या सार्वजनिक पोस्ट एआय मॉडेल शिकवायला वापरल्याचं स्वतःच सांगितलं आहे. मार्च 2025 मध्ये घिबली शैलीतल्या फोटोंची लाट आली, तेव्हा एखाद्या स्टुडिओची आयुष्यभराची शैली एका बटणावर कशी येते, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं.

डिसेंबर 2025 मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने यावर एक मसुदा मांडला. त्याचं सार असं: एआय कंपन्यांना कायदेशीरपणे मिळवलेल्या कलाकृती प्रशिक्षणासाठी वापरायचा सरसकट परवाना मिळेल आणि बदल्यात त्या रॉयल्टी देतील. निर्मात्याला 'माझं काम वापरू नका' म्हणता येणार नाही. रॉयल्टी हवी असेल तर कामाची नोंद मात्र करावी लागेल.

हा प्रस्ताव आहे, कायदा नव्हे. पण दिशा बघा. नकाराचा हक्क जातोय आणि हातात उरतेय नोंद. मोठ्या चित्रकारांच्या नोंदी त्यांच्या गॅलऱ्या ठेवतात. पहिलंच प्रदर्शन करणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? त्याची त्यानेच.

मग करायचं काय?

आम्ही त्या रविवारी जे केलं, तेच सांगतो.

पहिलं, फोटो. ढगाळ दिवशीचा किंवा खिडकीतून येणारा मऊ उजेड, फ्लॅश बंद, कॅमेरा चित्राच्या मध्याशी समांतर. फोनचे नाइट मोड, फिल्टर बंद; ते रंग 'सुधारतात' आणि तुमचा गेरू केशरी होतो. चित्राशेजारी राखाडी कार्ड ठेवून एक फोटो घ्या, म्हणजे नंतर रंग जुळवता येतात.

दुसरं, प्रत्येक चित्राच्या तीन फायली. मूळ रॉ किंवा टिफ फाइल, जी कुणालाच द्यायची नाही. छपाईची मोठी फाइल, जी फक्त गॅलरीला ड्राइव्हच्या लिंकने किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. आणि सोशल मीडियासाठी छोटी, एसआरजीबी रंगांतली. फाइलच्या मेटाडेटात नाव आणि वर्ष भरा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ते पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. मूळ फायलींची एक प्रत घराबाहेर, क्लाउडवर हवीच.

तिसरं, एक साधी एक्सेल शीट. चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, आकार, किंमत, आत्ता कुठे आहे, कुणाला विकलं. गॅलरी हीच माहिती मागते, पुढे रॉयल्टीची वेळ आली तर तीच लागेल.

शिकागो विद्यापीठाचं 'ग्लेझ' हे मोफत साधन छोट्या फाइलवर वापरता येतं. ते चित्रात डोळ्यांना फारसे न जाणवणारे बदल करतं, त्यामुळे मॉडेलला शैली चुकीची दिसते. पण त्यावर विसंबू नका. 2025 मध्येच संशोधकांनी 'लाइटशेड' वापरून असं संरक्षण काढता येतं, हे दाखवून दिलं. ग्लेझ म्हणजे दाराची कडी, तिजोरी नव्हे.

करारातली एक ओळ

चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला, असं बहिणीला वाटत होतं. तसं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हस्तांतरित करायला लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. अपवाद एक: कुणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं, तर वेगळं ठरलेलं नसल्यास कॉपीराइट त्या माणसाचा.

तिच्या करारात 'प्रसिद्धीसाठी व अन्य कारणांसाठी' छायाचित्रं वापरायची मुभा होती. या 'अन्य'मध्ये काहीही बसू शकतं. मी तिला सांगितलं, 'अन्य' काढून 'फक्त या प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी आणि कॅटलॉगसाठी' लिहायला सांग. ती घाबरत होती, पहिलीच संधी, कशाला वाकड्यात शिरायचं? तरी मेल केला. गॅलरीने दुसऱ्या दिवशी बदलून दिलं. एका ओळीचं काम होतं, फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

ती दोन चित्रं मात्र अजून मिळालेली नाहीत. एक चित्र कुणाकडे आहे ते तिला आठवतंय, फोटो काढू द्याल का म्हणून तिने निरोप धाडलाय. दुसरं कुणी घेतलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. शीटमध्ये त्या ओळीतला शेवटचा रकाना आम्ही रिकामाच ठेवलाय.