लेकीच्या उशाखालचं पुस्तक

कुणकेश्वरच्या एक भगिनी विचारतात, "दहावीतली लेक 'हंगर गेम्स'ची जाडजूड पुस्तकं रात्र रात्र वाचते. त्यात प्रेमप्रकरण आहे म्हणे! काढून घेऊ का?"

ताई, घाई नको. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या या तीन कादंबऱ्या २००८ ते २०१० मध्ये आल्या. प्रेम आहे, दोन मुलगेही आहेत. पण खरी गोष्ट रिकाम्या डब्यांची. जुलमी राजवट दरवर्षी १२ जिल्ह्यांतून २४ मुलं चिठ्ठ्या काढून निवडते नि एकमेकांना मारायला सोडते. सारा देश ते टीव्हीवर बघतो! घरात वर्षाचं धान्य-तेल हवं, तर मुलांनी आपल्या नावाची चिठ्ठी वाढवायची. १६ वर्षांच्या कॅटनिसच्या अशा वाढत वाढत २० झालेल्या. धाकटीची एकच, नि नेमकी तीच निघते. थोरली तिच्या जागी पुढे होते.

मारामारी बरीच आहे, तेव्हा लहानग्यांच्या हाती नको. पहिला भाग दुपारी तुम्हीच वाचा. मग देवळाजवळच्या वाळूत फिरताना लेकीला विचारा, "तुला पीटा आवडतो की गेल?" दिवा मात्र अकराला मालवायचा, म्हणावं.