जन्मलेली नव्हे, दूध तुटलेली पिल्ले मोजा

मृग निघाला की सशांच्या शेडमधून एकच तक्रार ऐकू येते: मादी नराला दाखवली, पुन्हा दाखवली, पण गाभण राहत नाही. मग दोष मादीच्या माथी येतो, ती विकायला निघते आणि दुसरी विकत आणली जाते. कागल आणि आसपासच्या पालकांना या अंकात पहिली विनंती हीच, की जूनमध्ये मादी काढायची घाई करू नका. खोट बहुधा तिच्यात नसते, सरलेल्या उन्हाळ्यात असते.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. 15 ते 25 अंश तापमान त्याला मानवते, 30 च्या वर त्याची ओढाताण सुरू होते. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी पारा याच्या कितीतरी पुढे असतो. त्या उकाड्यात नराच्या वीर्याची प्रत घसरते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणून मेमध्ये भाजलेला नर जूनमध्ये तरतरीत दिसला, मादीवर चढला, तरी गर्भ राहीलच असे नाही. जुलै सरता सरता तो पूर्वपदावर येतो. तोवर थांबावे, किंवा ज्या नराची जागा उन्हाळ्यात सर्वांत थंड होती त्याच्याकडे मादी न्यावी. पुढच्या वर्षीचा उपाय तर आपल्या बांधावरच आहे. ऊसतोड झाली की पाचट पेटवून देण्यापेक्षा त्याचा जाड थर पत्र्यावर अंथरून दोरीने बांधा आणि त्यावर दुपारी पाणी मारा. मात्र शेडजवळ चूल किंवा विडी-काडी नको.

या एका तक्रारीत धंद्याची सारी अडचण दिसते. ससा भराभर वितो, एवढ्यावर भिस्त ठेवून आपण शेड उभारतो. जाहिरातीतला हिशेब असा असतो: एका मादीची वर्षात आठ वेते, दर वेताला आठ पिल्ले, म्हणजे चौसष्ट. आता कागदावर तारखा मांडून पाहा. गाभणकाळ सुमारे 31 दिवसांचा. त्यानंतर पिल्ले आईजवळ पाच आठवडे. मधली विश्रांती आणि फुकट गेलेली एखादी भेट धरली तर एका वेताला अडीच महिने लागतात. वर्षाला पाच वेतेही पुरती बसत नाहीत. कडक उन्हाळा वगळला तर चार. दर वेताला सहा पिल्ले दूध तुटेपर्यंत जगली, तर हाती चोवीस येतात. चौसष्ट आणि चोवीस यांत जे अंतर आहे, त्यातच बहुतेक शेड बुडतात.

म्हणून जन्मलेली पिल्ले मोजणे सोडा आणि दूध तुटून स्वतःच्या तोंडाने खाऊ लागलेली पिल्ले मोजा. शेड नफ्यात आहे की तोट्यात, हे ठरवायला याहून खरे माप नाही. आणि हे माप एकदा स्वीकारले की निगा, वैरण, औषध, जात या सगळ्यांकडे बघायची नजरच बदलते.

पिल्ले जातात ती बहुतेक पहिल्या दहा दिवसांत. जन्मतः ती उघडी आणि आंधळी असतात. डोळे दहाव्या-बाराव्या दिवशी उघडतात. तोवर ऊब म्हणजेच जीव. व्यायची पेटी गाभणकाळाच्या 27व्या किंवा 28व्या दिवशी ठेवा, आत मऊ वाळके गवत घाला, उरलेले काम मादी स्वतःचे केस उपटून करते. मादी व्याल्यावर पेटी रोज पाहा. थंड पडलेले पिल्लू आधी उबेत घ्या, मग परत ठेवा. मेलेले लगेच काढा. ‘आई पिल्लांजवळ बसतच नाही’ ही भीती नव्या पालकाला हमखास वाटते, पण सशीण पिल्लांना दिवसातून बहुधा एकदाच, तेही काही मिनिटेच, रात्री किंवा पहाटे पाजते. सकाळी पिल्लांची पोटे गोल आणि तटतटीत दिसली म्हणजे ती पाजून गेली. पोटे सुरकुतलेली असली तरच हात घाला.

मादीला साधारण आठ सड असतात. दहा पिल्ले झाली की दोन उपाशी राहणार, हे उघड आहे. त्यासाठी दोन-तीन माद्या एकाच दिवशी नराला दाखवा, म्हणजे वेतेही एकदम येतील आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत जादा पिल्ले दुसऱ्या आईकडे सरकवता येतील. मादी पिल्ले खाते, असा बोभाटा होतो तेव्हा तिच्या स्वभावाआधी पाण्याची वाटी तपासा. विताना तहानलेली किंवा कुत्र्या-मांजराने बिथरलेली मादी हे करते. पहिलटकरीणही करते, तिला आणखी एक संधी द्यावी.

मादी नराच्या पिंजऱ्यात न्यावी, नराला मादीकडे नेऊ नये. आपल्या जागेत आलेल्या नराशी ती भांडते. वेळ सकाळची, गारव्याची. सशिणीचे बीज समागमानंतर दहा-बारा तासांनी सुटते, त्यामुळे गाई-म्हशींसारखा माज धरायची वाट पाहावी लागत नाही. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपले की गर्भाचे मणी लागतात. ही चाचपणी जाणत्याकडून शिकून घ्यावी. रिकामी मादी महिनाभर पोसणे आणि गाभण मादीला चुकून पेटी न देणे, दोन्ही त्याने टळते. ससा कानाला धरून उचलणे मात्र कोणत्याही कारणाने नको. मानेवरची कातडी एका हाताने धरून दुसरा हात मागच्या अंगाखाली द्यावा. मागचे पाय झाडताना कणा मोडलेला ससा पुन्हा उभा राहत नाही.

वैरणीच्या बाबतीत आपला तालुका श्रीमंत आहे, आणि तोच धोकाही आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाच्या वाढ्यांचा ढीग असतो. म्हशीला चालते ते सशालाही चालेल, हा आपला गैरसमज. वाढ्यात प्रथिने थोडी आणि ऑक्झलेट जास्त. त्यावर ससा वाढत नाही. त्याचे पोट तंतूंवर चालते. तंतू कमी आणि दाणा जास्त झाला की आतड्यातील उपकारक जीवाणूंचा तोल बिघडतो, पोट फुगते, हगवण लागते. सशाला उलटीही होत नाही, त्यामुळे चुकीचे खाल्लेले बाहेर टाकायची सोय नाही. मोठ्या सशाच्या रोजच्या खाद्यात सुकी वैरण आधी, हिरवी त्यानंतर आणि खुराक शेवटी. गोळी पेंड दिवसाला 100 ते 150 ग्रॅम पुरते, पिल्ले पाजणाऱ्या मादीला त्याहून जास्त. खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने असावीत. लसूणघास, दशरथ घास, शेवरी, शेवगा, मका, थोडा हत्तीघास, हरभऱ्याचे भुसकट हे सारे चालते. सुबाभूळ थोडीच द्या; तिच्यातल्या मिमोसिनने केस गळतात. भुईमुगाचा वाळका पाला उत्तम, पण बुरशी धरलेला असेल तर तो वैरण नव्हे, विष आहे. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनला ससा फार लवकर बळी पडतो. निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतातले तण आणि नुकतीच फवारणी झालेल्या बांधावरचे गवत पिंजऱ्यात नको.

पहाटे ससा मान खाली घालून स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर घाबरू नका. एकदा पोटातून गेलेले पुन्हा खाऊन तो त्यातली प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे मिळवतो. उलट, सकाळी खाली मऊ लेंड्यांचा चिकट थर पडलेला दिसू लागला, तर खुराक जास्त होतोय असे समजून सुकी वैरण वाढवा.

आता पावसाचे. मुरगूडच्या बाजूला धार जास्त, कागल शहराकडे थोडी कमी, पण ओल सगळीकडे सारखीच. कोवळे, दवाने भिजलेले गवत कापून थेट टाकणे थांबवा. अर्धा दिवस सुकवून द्या. या दिवसांतला मोठा शत्रू म्हणजे कॉक्सिडिया हा परजीवी. त्याची अंडी लेंड्यांतून पडतात आणि ओलाव्यात दोन-चार दिवसांत रोग द्यायला तयार होतात. पिंजऱ्याखालचा थर रोज उचलला की हे चक्र तिथेच तुटते, पंधरा दिवसांनी औषध पाजून नव्हे. पाच ते आठ आठवड्यांची पिल्ले याला सर्वाधिक बळी पडतात, म्हणून त्यांच्या पिंजऱ्याची तळजाळी कोरडीच राहिली पाहिजे. ओल आणि मुताच्या वाफेत सर्दी, शिंका, नाकातला पू वाढतो. शेडमध्ये शिरताच आपले डोळे चुरचुरले तर ससे तिथे चोवीस तास राहतात, याचा विचार करा. कानात खपल्या दिसल्या तर ती खरूज आहे. पशुवैद्यकाला दाखवा आणि तो ससा वेगळा ठेवा.

औषधाबाबत आम्ही कडक शब्दांत सांगतो. म्हशीच्या औषधाचा उरलेला भाग सशाला देऊ नका. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिले की सशाच्या आतड्यातील जीवाणू मरतात आणि पाठोपाठ ससा मरतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिलही सशाला घातक. दवाखान्यात जाताना हे ध्यानात ठेवा, आणि डॉक्टरांनी ससे रोज पाहिले नसतील तर नम्रपणे ध्यानात आणूनही द्या.

जातिवंत जनावरांसाठी केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतील मन्नवनूर केंद्राकडे पालकांची धाव असते. व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिला या जाती तिथून पसरल्या. पण ते कोडाईकनालजवळचे थंड डोंगर. तिथले जनावर एप्रिलमध्ये आपल्याकडे आणणे म्हणजे आल्याबरोबर भट्टीत घालणे. आणायचेच तर दिवाळीनंतर आणा. जवळच्या सल्ल्यासाठी कणेरीच्या सिद्धगिरी मठाचे कृषी विज्ञान केंद्र आणि शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ऊस तोडताना फडात सापडलेले रानसशाचे पिल्लू कुणी हौसेने आणून दिले तर घेऊ नका. तो वेगळा प्राणी आहे, पाळीव सशाशी त्याची जोडी जमत नाही आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

शेवटी विक्रीचे. ‘सात माद्या, तीन नर, पिल्ले आम्हीच घेऊ’ अशा बोलीवर माल विकणारे अधूनमधून येतात. दहा माद्यांना एक नर पुरतो. मग सातांना तीन कशाला? नात्यातले प्रजनन टाळण्यासाठी, असे उत्तर मिळेल. ते रास्तही आहे, पण मग तिघांचे आई-बाप वेगळे असल्याची लेखी नोंद मागा. नोंद नसेल तर ते तीन भाऊ समजा. ‘आम्हीच घेऊ’ या वचनावर चाललेले इमूचे प्रकरण 2012 साली तमिळनाडूतल्या पेरुंदुराईत फुटले, कडकनाथ कोंबड्यांचे 2019 साली शेजारच्या इस्लामपुरात. दोन्हीकडे जनावर खोटे नव्हते. परत खरेदीचे वचन खोटे होते, आणि त्या वचनाच्या भरवशावर कुणी स्वतःचा ग्राहक शोधला नव्हता. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या भागात सशाचे मटण अजून रोजचे नाही. पाळीव म्हणून घेणारे थोडे. प्रयोगशाळा प्राण्यांवरील प्रयोगांच्या 1998 च्या नियमांनुसार नोंदणीकृत पैदासकाराकडूनच माल घेतात. बाजार आहे, पण अरुंद आहे. आधी तो मोजा, मग मादी वाढवा.

कागल तालुक्यातले घर दूध संस्थेची फॅटची चिठ्ठी रोज वाचते, दहा दिवसांचे बिल जुळवते. त्याच घरात सशांची वही नसते, याचे आम्हाला नवल वाटते. एक साधी वही घाला: मादीचा क्रमांक, कोणत्या नराला दाखवली, कधी व्याली, किती जन्मली, किती दूध तुटली, किती कशाने गेली. तीन वेते लिहून झाल्यावर मादी ठेवायची की काढायची, हे दलालाला विचारावे लागणार नाही. ज्या नराच्या वेतांत सतत पिल्ले कमी पडतात तो नर, आणि ज्या पिंजऱ्यात वारंवार मरतात तो पिंजरा, दोन्ही वहीच दाखवून देईल. नवीन शेड बांधणाऱ्यांना सल्ला एवढाच: तीन-चार माद्या आणि वेगळ्या वंशाचे दोन नर घ्या, त्यांचे वर्ष वहीत उतरवा, आणि दूध तुटलेल्या पिल्लांचा आकडा समाधानकारक आला तरच कर्जाचा अर्ज भरा.