विद्यापीठ गावात येते तेव्हा

कृषी विद्यापीठाचे ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले पाहिजे, हे वाक्य विस्तारकार्याच्या प्रत्येक सभेत ऐकावयास मिळते. त्यात खोटे काही नाही. परंतु ते अर्धेच आहे. ज्या वाटेने विद्यापीठाची माहिती गावात येते त्याच वाटेने गावाचा प्रश्न विद्यापीठात गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर पुन्हा गावात आले पाहिजे. असे घडेल तरच त्या कार्याने गावाचे बळ वाढले असे म्हणता येईल. एरव्ही गाडी येते, प्रात्यक्षिक होते, छायाचित्र निघते आणि गाडी गेल्यावर धुरळा तेवढा मागे उरतो.

विस्तारकार्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने शेतीचे शिक्षण देणारी महाविद्यालये निघाली. परंतु महाविद्यालयाचे शेत आणि शेतकऱ्याचे शेत यांमधील अंतर पुढे कित्येक वर्षे कायम राहिले. सरकारी पैशाने सरकारी शेतावर पीक चांगले आले, तर शेतकरी ते पाहून मान डोलावी आणि घरी जाऊन पूर्वीप्रमाणेच पेरणी करी. १९०३ साली टेक्सास राज्यातील टेरेल या गावी सीमन नॅप यांनी निराळा मार्ग धरला. पोर्टर नावाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने, सांगितलेल्या पद्धतीने पीक घ्यावे असे ठरले. नुकसान झाल्यास ते भरून देण्यासाठी गावातील व्यापाऱ्यांनी व नागरिकांनी निधी उभा केला. त्या निधीस हात लावण्याची वेळ आली नाही. वर्षअखेर पोर्टरला सुमारे ७०० डॉलरचा फायदा झाला. कापसावरील बोंड पोखरणाऱ्या सोंडकिड्याने तो सारा मुलूख हवालदिल झालेला असताना हे घडले, म्हणून त्याचा बोलबाला दूरवर झाला. १९१४ साली विस्तारकार्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि महाविद्यालयांकडे ते काम कायमचे सोपविण्यात आले.

या हकीकतीतील मर्म नीट ध्यानात घ्यावयास हवे. शेत शेतकऱ्याचे होते, मेहनत शेतकऱ्याची होती आणि जोखीम साऱ्या गावाने उचलली होती. सल्ला मात्र बाहेरून आला. असे प्रात्यक्षिक गावाचे स्वतःचे होते आणि म्हणूनच ते गावात टिकते.

आपल्याकडेही या विचाराची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती प्रसिद्ध केली. तेथील ८१ टक्के जमीनधारणा दहा एकरांच्या आतील आणि ६० टक्के पाच एकरांच्या आतील आहेत, असे त्यांना आढळून आले. उपदेश करण्यापूर्वी महाविद्यालयाने गावास विचारले की, तुमच्याजवळ जमीन किती, कर्ज किती आणि पोट भरते कशावर? आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले आहे. त्या पाहणीची रीत मात्र जुनी झालेली नाही.

पुढे १९५२ साली समुदाय विकास योजना आणि १९५३ साली राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली व ग्रामसेवक खेड्यात आला. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथे आपल्या राज्याची चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. १९७४ साली पाँडिचेरी येथे देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आज अशा केंद्रांची संख्या देशात सातशेहून अधिक आहे. तेव्हा साधनांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही.

या साधनांतून जे उत्तम निपजले त्यात गावाचा वाटा नेहमीच दिसतो. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या केंद्रावर निवडला गेला. पण तो निवडला गेला तो शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या स्थानिक मालदांडीतून. भाकरीची चव आणि कडब्याची प्रत या दोहोंची पारख शेतकऱ्याने आधीच करून ठेवली होती. म्हणूनच इतकी दशके लोटली तरी हा वाण सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात टिकून आहे. कोकणात काजूच्या वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती वेंगुर्ल्याच्या केंद्राने दिल्या. परंतु त्या डोंगरउतारावर पसरल्या त्या कलमांच्या जोरावर. कलम बांधण्याची कला गावोगावच्या हातांत उतरली, रोपवाटिका उभ्या राहिल्या आणि जातीबरोबर रोजगारही गावात आला. विस्तारकार्याने गाव बळकट होते ते अशा रीतीने.

आता रोजच्या अनुभवाकडे वळू. कृषी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात येऊन राहतात. आपण त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखतो. बीजप्रक्रिया, माती परीक्षणासाठी नमुना घेणे, बोर्डो मिश्रण तयार करणे अशी प्रात्यक्षिके ते करून दाखवितात. ही योजना मोलाची आहे. तथापि पुष्कळ ठिकाणी असे घडते की, मातीचे नमुने जातात आणि त्यांचे निष्कर्ष शेतकऱ्याच्या हाती येण्यापूर्वीच तुकडी परतते. पुढील वर्षी नवी तुकडी दुसऱ्याच गावी जाते. विद्यार्थ्याची वही भरते, पण गावाची वही कोरीच राहते.

यावर काही जण म्हणतील की विद्यार्थ्यांस परीक्षा आहे, प्राध्यापकांस अध्यापन आहे. एवढ्या अवधीत अधिक काय होणार? गावातील जाणती मंडळीही म्हणतात, ‘काल शिकलेली ही पोरे आम्हांस काय शेती शिकविणार?’ दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु विद्यार्थी सर्वज्ञ असावा अशी अपेक्षाच ठेवू नये. त्याने गाव आणि विद्यापीठ यांच्यामधला निरोप्या व्हावे, एवढे पुरे आहे. त्यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, ग्रामपंचायतीत एक प्रश्नवही ठेवावी. शेतकरी, शेतमजूर, शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या भगिनी यांच्या अडचणी विद्यार्थ्यांनी त्यांच्याच शब्दांत तीत लिहाव्यात. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर कोणी व केव्हा दिले याचा रकाना असावा. उत्तर सापडत नसेल तर तसेही स्पष्ट लिहावे. संशोधनाचा विषय तेथूनच मिळेल.

दुसरी गोष्ट, एकच गाव लागोपाठ निदान तीन वर्षे घ्यावे. नव्या तुकडीने जुन्या तुकडीची वही हाती घेऊनच कामास लागावे. पावसाचे एक साल बरे तर एक वाईट असते. एका हंगामावरून कोणत्याही शिफारशीची परीक्षा होत नाही.

तिसरी गोष्ट, प्रात्यक्षिक सधन बागायतदाराच्या मळ्यावरच न करता कोरडवाहू जमिनीच्या लहान शेतकऱ्याकडे करावे आणि खर्चाचा जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा. उत्पन्न किती वाढले हे सर्वच सांगतात. पदरात काय पडले हे ऐकण्यास गाव उत्सुक असते.

साध्या कामानेही केवढे साधते याचे एक उदाहरण घेऊ. सोयाबीनचे घरचे बियाणे वापरावे की नाही, हा दर खरिपापूर्वीचा प्रश्न आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून ते गुंडाळून ठेवावे, ओल राखावी आणि काही दिवसांनी निकोप कोंब मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर ते बियाणे पेरण्यास योग्य समजावे. एखाद्या कृषिकन्येने हे स्वतः करून दाखविले तर तो एक कार्यक्रम होईल. तिने गावातील दहा घरांतील स्त्रियांकडून ते करवून घेतले, तर पुढील वर्षी तिच्यावाचून गावाचे काम अडणार नाही. दुबार पेरणीची पाळी ज्याच्यावर येते त्या शेतकऱ्यास या लहानशा कसोटीचे मोल सांगावे लागत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनीही आपला वाटा उचलला पाहिजे. विद्यापीठाची मंडळी येतील तेव्हा केवळ हारतुऱ्यांनी त्यांचे स्वागत करून थांबू नये. आपले प्रश्न लिहून त्यांच्यापुढे ठेवावेत आणि उत्तराची मुदत विचारून घ्यावी. विद्यापीठे लोकांच्या पैशावर चालतात. त्यांस प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला अधिकार आहे. येत्या हंगामात तुकडी गावी येईल तेव्हा तिच्या हाती पहिल्याच दिवशी गावाची प्रश्नवही पडावी.