पाड्यावरच्या शाळेत शिक्षक कोण?

महाराष्ट्राच्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळांत पहिलीला येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू, भामरागडला माडिया, धडगावच्या डोंगरात पावरी, तलासरी-डहाणूला वारली. वारली आणि पावरी या मराठी-गुजरातीच्या नात्यातल्या. माडिया द्राविडी कुळातली, तर कोरकू मुंडा शाखेतली, म्हणजे मराठीपेक्षा झारखंडच्या मुंडारीला जवळची. त्यामुळे घाटावरून आलेले गुरुजी वारली पाड्यावर काही महिन्यांत रुळतात. कोरकू वर्गात त्यांना तेवढी सवलत मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे २९वे कलम शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्यास सांगते. पण ती भाषा येणारा शिक्षकच शाळेत नसेल, तर ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांच्या आड सगळे चालून जाते.

अडचण भाषेपुरती नाही. दुर्गम गावात नेमणूक झालेला बाहेरचा शिक्षक पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; घर, आईवडील, कधी पती किंवा पत्नीची नोकरीही दुसऱ्या टोकाला असते. २०१७ च्या बदली धोरणाने तर ‘अवघड क्षेत्रा’तल्या तीन वर्षांच्या सेवेनंतर बदलीचा हक्कच दिला. शिक्षकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे. मात्र मुलांशी सूर जुळेपर्यंत माणूस निघून जातो, हाही त्याचाच परिणाम.

स्थानिक उमेदवार नेमणे हा त्यावरचा सरळ उपाय. ९ जून २०१४ रोजी राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखून ठेवली. आंध्र प्रदेशाने शिक्षकांपुरता असाच आदेश २००० मध्ये काढला होता. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो रद्द केला. शंभर टक्के आरक्षणाने इतर सर्वांची संधी संपते, आणि आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे ही कल्पनाही न्यायालयाला मान्य नव्हती. महाराष्ट्रातल्या या राखीव पदांची भरतीही (‘पेसा भरती’) न्यायालयीन वादात अडकली. २०२४ मध्ये नाशिकला उमेदवारांचे मोठे आंदोलन झाले आणि सरकारने मानधनावरील नेमणुकांचा तोडगा काढला. मानधनावरच्या गुरुजींकडून कायम गुरुजींइतक्या स्थैर्याची अपेक्षा करणे मात्र कठीण आहे.

या साऱ्या वादात एक गोष्ट मागे पडते. कागदावर ‘अनुसूचित जमाती’ हा एकच रकाना आहे. नाशिकमध्ये कोकणा, महादेव कोळी, भिल्ल आणि वारली त्याच रकान्यात बसतात. पालघरमध्ये वारली आणि कातकरी. शिक्षणात आधी पुढे गेलेल्या जमातींचे उमेदवार जागा मिळवतात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन अतिमागास जमातींची मुले बहुधा बाकावरच राहतात. वर्गाच्या भाषेची चाचणी हा निकष ठेवला, तर न्यायालयाच्या आक्षेपाची धार कमी होईल आणि खरी गरजही भागेल. कोरकू येणारा बिगरआदिवासी उमेदवार त्या वर्गाला कोरकू न येणाऱ्या आदिवासी उमेदवारापेक्षा अधिक उपयोगी पडू शकतो.

स्त्री शिक्षकांचा प्रश्न त्या मानाने लवकर ओळखला गेला. १९८७ च्या खडू-फळा योजनेत प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक आणि त्यांपैकी शक्यतो एक स्त्री, अशी अट होती. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांच्या आंध्रमधील ग्रामीण शाळांच्या अभ्यासात बाईंच्या वर्गात मुलींची प्रगती अधिक झालेली दिसली आणि मुलग्यांचे त्यात नुकसानही झाले नव्हते. वाहन नसलेल्या पाड्यावर मुक्कामाची सोय होत नाही, म्हणून बाई तिथे टिकत नाहीत. ही अडचण भरतीच्या जाहिरातीने सुटणारी नाही.

मुळात जाहिरात निघते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दहावी, बारावी, दोन वर्षांची पदविका, मग २०१३ पासून राज्यात सुरू झालेली शिक्षक पात्रता परीक्षा: प्रत्येक टप्प्यावर दुर्गम भागातले उमेदवार गळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही किमान पात्रता ठरायची आहे. वाट आणखी लांबेल, खर्चही वाढेल. त्याच धोरणात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी बी.एड.च्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या आणि शिक्षण पूर्ण होताच आपल्याच भागात नोकरीला प्राधान्य, अशी तरतूद सुचवलेली आहे. राज्याने ती आश्रमशाळांतल्या आठवी-नववीपासून लागू केली, तरी आज आठवीत बसलेली कोरकू मुलगी शिक्षिका व्हायला नऊ-दहा वर्षे लागतील. तोपर्यंत पाड्यावरच्या बारावी झालेल्या तरुणांना पहिली-दुसरीच्या वर्गात भाषा-साहाय्यक म्हणून नेमता येईल. त्यासाठी पदवीची गरज नाही, नियमित वेतनाची आहे.