तात्या विंचूचे दुसरे येणे

दिवाळीच्या सुटीत धुळ्याचे आजोबा जळगावला मुलाकडे आले आणि रात्री त्यांनी नातवंडांसाठी 'झपाटलेला' लावला. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. मरणोन्मुख गुंडाचा आत्मा मंत्रबळाने बाहुल्यात शिरतो, एवढीच कल्पना. तीही १९८८ च्या 'चाईल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली. पण रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू आणि त्याला घाबरणारा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या यांनी ती अस्सल मराठी करून टाकली. मुले उशीत तोंड खुपसून हसत होती. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससाही पाध्यांचाच, यावर धाकटीचा विश्वासच बसेना.

दुसऱ्या रात्री २०१३ चा 'झपाटलेला २'. बाहुला तोच, पाध्येही तेच, भरीला त्रिमितीचा थाट. नायक लक्ष्याचा मुलगा. लक्ष्या मात्र नाही, कारण बेर्डे २००४ मध्येच निवर्तले. उणीव नेमकी येथेच आहे. बाहुला निर्जीव असतो. त्याच्यात प्राण ओतते ती समोरच्या माणसाची भीती. पूर्वी लक्ष्याचे डोळे विस्फारत आणि तात्या जिवंत होई. नव्या भागात तसा घाबरणाराच कोणी नाही. जुन्या पेढीच्या नावावर नवा माल खपतो खरा, पण गिऱ्हाईक हाताळून पाहतेच.

मध्येच धाकटीने विचारले, "आजोबा, कालचा लक्ष्या कुठे आहे?"

आजोबा क्षणभर थांबले आणि त्यांनी पुन्हा पहिला भाग लावला.